बँकेचं ॲप ‘फोन सुरक्षित नाही’ म्हणतंय? ॲप काढून टाकायच्या आधी हे बघा

येळ्ळूरच्या एक मावशी मागच्या महिन्यात दुकानात आल्या. फोन रुमालात गुंडाळलेला. म्हणाल्या, “बाबा, बँकेचं उघडंना झालंय. गृहलक्ष्मीचं दोन हजार जमा झालंय काय, तेवढं बघून दे की.” (गृहलक्ष्मी ही कर्नाटक सरकारची बायकांसाठीची योजना.) त्याआधी दोनदा बसने बेळगावात येऊन त्या शाखेत जाऊन आल्या होत्या. पहिल्या खेपेला त्यांना सांगितलं, ॲप काढून परत घाला. शेजारच्या पोराने ते करून दिलं, फरक पडला नाही. दुसऱ्या खेपेला सांगितलं, फोनच खराब आहे, बदलून टाका. मुलाने दिवाळीला घेऊन दिलेला फोन, वर्ष झालेलं नाही. तो कसा बदलायचा?

मी ॲप उघडलं. गोल चाक फिरलं आणि पांढऱ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या. खाली एकच बटण, ‘क्लोज’. त्या दोन ओळींत सरळ लिहिलं होतं, की या फोनमधल्या एका ॲपला ॲक्सेसिबिलिटीची (पडदा वाचायची आणि बटणं दाबायची) परवानगी दिलेली आहे, ती काढल्याशिवाय बँकेचं ॲप चालणार नाही. त्या ॲपचं नावसुद्धा दिलं होतं. एवढे दिवस मावशींना ते कुणी वाचून दाखवलंच नव्हतं. नातवाने गेम खेळताना आपोआप टॅप होत राहावं म्हणून एक ॲप घातलं होतं, तेच हे. परवानगी बंद केली, फोन बंद करून चालू केला, बँकेचं ॲप उघडलं. पाच मिनिटंही लागली नाहीत.

बेळगावच्या वडगावात माझं मोबाइल दुरुस्तीचं आणि रिचार्जचं लहान दुकान आहे. येणारी माणसं म्हणजे मागावर काम करणारे, उद्यमबागेत कामाला जाणारी पोरं, येळ्ळूर-धामणेकडचे शेतकरी. फोनची काच फुटली, चार्जिंग होईना, या तक्रारी नेहमीच्याच आहेत. पण अलीकडे सगळ्यात जास्त माणसं येतात ती बँकेच्या ॲपने दार लावून घेतलं म्हणून. कारणं बघितली तर तीच ती असतात. माणूस मात्र शाखा, दुकान, भाचा, पुतण्या असा आठवडाभर फिरत राहतो, आणि वैतागाच्या भरात असं काहीतरी करून बसतो की साधी अडचण मोठी होते. म्हणून जे रोज हाताने करतो ते इथे सविस्तर लिहितोय. फोन अँड्रॉइडचा आहे असं धरलंय, कारण माझ्याकडे येणारे बहुतेक तेच असतात. कंपनीप्रमाणे सेटिंग्जमधली नावं थोडी इकडची तिकडे असतील. सेटिंग्ज उघडल्यावर वर शोधायची जागा असते, तिथे नाव टाकलं की सापडतं.

ॲप काढायची घाई नको

ॲप अडलं की पहिला सल्ला मिळतो, “अनइन्स्टॉल करून परत घाल.” गाण्याच्या किंवा गेमच्या ॲपला हे ठीक आहे. बँकेच्या ॲपला नाही.

बँकेचं किंवा यूपीआयचं ॲप पहिल्यांदा सुरू करताना ते तुमच्या फोनमधून एक एसएमएस बाहेर पाठवतं. त्या एसएमएसवरून बँकेला कळतं, की खात्याला जोडलेला नंबर याच फोनमधल्या सिमवर आहे. मग खातं, सिम आणि फोन यांची एक गाठ मारली जाते. ॲप काढलं, किंवा सेटिंग्जमध्ये जाऊन ‘क्लिअर डेटा’ केलं, की ती गाठ सुटते. परत मारायची तर परत एसएमएस, परत ओटीपी, कुठे डेबिट कार्डचे आकडे, कुठे आधारचा ओटीपी. कार्ड घरात कुठेतरी डब्यात, आधारला जोडलेला नंबर जुना. म्हणजे आधी एकच कुलूप होतं, आता तीन झाली. शिवाय नव्याने नोंदणी केली की पहिले २४ तास पैसे पाठवायची मर्यादा कमी असते. त्याच दिवशी खताच्या दुकानात वीस हजार द्यायचे असतील तर ते अडकतात.

म्हणून आधी फोन बंद करून चालू करा. मग प्ले स्टोअरमध्ये जाऊन बँकेच्या ॲपचं अपडेट आहे का बघा. मग सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या नावावर जाऊन फक्त ‘क्लिअर कॅश’ करा. त्याने गाठ सुटत नाही. ‘क्लिअर डेटा’ हे त्याच्या शेजारचंच बटण आहे, ते दाबू नका.

पडद्यावरच्या दोन ओळी

ॲप बंद होताना जे वाक्य येतं, त्यातच बहुतेक वेळा उत्तर असतं. लोक मला त्याचा स्क्रीनशॉट पाठवायला बघतात आणि नुसता काळा पडदा येतो, किंवा ‘परवानगी नाही’ असं येतं. त्यात बिघाड काही नाही. बँकेची ॲप मुद्दामच स्क्रीनशॉट घेऊ देत नाहीत. घरातल्या दुसऱ्या फोनने त्या पडद्याचा फोटो काढा. खाते क्रमांक दिसत असेल तर त्यावर बोट ठेवा. त्याच दुसऱ्या फोनवर गुगल लेन्समध्ये भाषांतराचा पर्याय निवडला तर ते वाक्य मराठीत वाचता येतं. भाषांतर ओबडधोबड असतं, पण ‘डेव्हलपर’, ‘ॲक्सेसिबिलिटी’, ‘रूट’, ‘स्क्रीन शेअर’, ‘सिम’ यातला कुठला शब्द आहे एवढं कळलं तरी काम होतं.

बँका फोन तपासतात हे चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. रिझर्व्ह बँकेने १८ फेब्रुवारी २०२१ ला डिजिटल पेमेंटच्या सुरक्षेसाठी सविस्तर निर्देश काढले. ॲप त्या फोनशी बांधलेलं असावं, फोनशी छेडछाड झालेली असेल तर ते ओळखावं, ॲपच्या जुन्या आवृत्त्या बंद कराव्यात, हे सगळं त्यातलंच. ते आपल्याच पैशासाठी आहे. माझी तक्रार वेगळी आहे. ॲपची भाषा मराठी निवडली तरी बऱ्याच ॲपमध्ये मेनू तेवढे मराठीत येतात आणि अडल्यावरचं वाक्य इंग्रजीतच राहतं. कस्टमर केअरला लावलं तर इकडच्या नंबरला कन्नड, हिंदी, इंग्रजी. बेळगावातल्या माणसाला कन्नड कळतं, खानापूरच्या जंगलपट्टीतल्या म्हाताऱ्या माणसाला दरवेळी कळेलच असं नाही. दार बंद करण्याचं कारण ज्याचं घर आहे त्यालाच कळू नये, हे मला पटत नाही.

नेहमी सापडणारी कारणं

मावशींच्या फोनमधलं ॲक्सेसिबिलिटीचं कारण सगळ्यात जास्त वेळा सापडतं. ही सोय अंध किंवा हाताने अधू माणसांसाठी आहे. ज्या ॲपला ती परवानगी मिळते, ते पडद्यावरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. म्हणजे तुमचा पिनसुद्धा. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी उघडा, ‘डाउनलोड केलेली ॲप्स’ अशी यादी दिसेल. तिथे आपोआप टॅप करणारं, कॉल रेकॉर्ड करणारं, फोन साफ करतो म्हणणारं काही ‘चालू’ दिसलं तर बंद करा. आपण काय घातलंय ते आठवत नसेल तर ते ॲपच काढून टाका. मात्र घरात कुणी डोळ्यांच्या अडचणीमुळे टॉकबॅक वापरत असेल तर ते बंद करू नका. फोनबरोबर आलेल्या टॉकबॅकला बँकेची ॲप सहसा अडवत नाहीत.

दुसरं, डेव्हलपर ऑप्शन्स, म्हणजे ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या सेटिंग्ज. कॉलेजची पोरं फोन वेगवान करायला यूट्यूबवर बघून हे चालू करतात आणि विसरतात. सेटिंग्जमध्ये शोधा, वरचं मोठं बटण बंद करा. काही ॲप फक्त त्यातल्या यूएसबी डीबगिंगला (केबल लावून संगणकावरून फोन हाताळू देणारी सोय) अडवतात, पण सगळंच बंद केलेलं बरं. तुम्हाला त्याची गरज नाही.

तिसरं, पडदा दुसऱ्याला दाखवणारी ॲप. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर किंवा त्यासारखं काही फोनमध्ये असेल तर कितीतरी बँकांची ॲप उघडतच नाहीत. ते फोनमध्ये कसं आलं, हा प्रश्न मात्र स्वतःला विचारा. कुणी फोनवरून सांगून घालायला लावलं असेल तर ही ॲपची तक्रार राहत नाही. लेखाच्या शेवटाकडे लिहिलंय ते आधी वाचा.

‘इतर ॲप्सवर दाखवा’ ही परवानगी, व्हीपीएन, जाहिराती अडवायला बदललेलं प्रायव्हेट डीएनएस आणि एकाच ॲपच्या दोन प्रती चालवणारं ‘ड्युअल ॲप’ ही अजून चार ठिकाणं. परवानगी काढा, व्हीपीएन बंद करा, प्रायव्हेट डीएनएस ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा, बँकेचं ॲप कधीही ड्युअलमध्ये घालू नका. तारीख-वेळ आपोआप घेण्यावर आहे ना, तेही बघा. बॅटरी पार संपून फोन चालू केला की काही जुन्या फोनमध्ये तारीख मागे जाते आणि ॲप नुसतं ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणतं.

जुना घेतलेला फोन असेल तर अजून एक तपासणी आहे. प्ले स्टोअर उघडा, वर आपल्या चित्रावर टॅप करा, सेटिंग्ज, मग ‘अबाउट’. तिथे खाली ‘प्ले प्रोटेक्ट सर्टिफिकेशन’ असतं. ‘सर्टिफाइड’ लिहिलं असेल तर ठीक. नसेल तर आधीच्या मालकाने फोन रूट केलाय (कंपनीची बंधनं तोडून पूर्ण ताबा घेतलाय), त्यात वेगळी रॉम (फोन चालवणारी मूळ प्रणाली) टाकलीय, किंवा तो फोन इथल्या विक्रीचा नाही. असा फोन नुसत्या सेटिंग्जने सुधारत नाही. कंपनीची मूळ रॉम परत टाकून बूटलोडर (फोन चालू होताना रॉम सुरू करणारा भाग) परत लॉक करावा लागतो, आणि ते करून देणारा माणूस खात्रीचा हवा. तीन-चार हजारांत मिळतोय म्हणून जुना फोन घेताना दुकानातच ही एक ओळ उघडून बघा, काउंटर सोडायच्या आधी.

आणि काही फोन खरोखरच जुने झालेले असतात. माझ्या वडिलांचा फोन असाच होता, अँड्रॉइड ८ चा. एके दिवशी बँकेच्या ॲपने अपडेट मागितलं आणि अपडेट त्या फोनला मिळेना. आधी एक एसएमएस नाही, सूचना नाही. वडील तीन दिवस समजत होते की खातंच बंद झालं. खात्याला काहीही होत नाही, एवढं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी सांगा. एटीएम चालतं, शाखा चालते. नंबर बँकेत जोडलेला असेल तर *९९# डायल करून इंटरनेटशिवाय शिल्लकही बघता येते आणि यूपीआयने पैसेही पाठवता येतात. साध्या बटणाच्या फोनवरसुद्धा ते चालतं.

हद्दीवरचं वेगळंच दुखणं

आता जे लिहितोय ते पुण्या-मुंबईच्या माणसाला कुणी सांगणार नाही, कारण त्यांना ते होत नाही.

कुद्रेमानीचा एक पोरगा शिनोळीला कारखान्यात कामाला जातो. नवीन फोन घेतला, बँकेचं ॲप घातलं, आणि दरवेळी नोंदणी ‘डिव्हाइस व्हेरिफिकेशन फेल’ म्हणून थांबायची. घरी सहा वेळा करून बघितलं. रविवारी माझ्याकडे आला. मी काउंटरवर फोन घेतला आणि पहिल्याच खेपेला नोंदणी झाली. त्याला वाटलं मी काहीतरी जादू केली. मी काहीच केलं नव्हतं. आठ दिवसांनी त्याचा पुन्हा फोन: ॲप उघडतंय, पण घरी आणि कंपनीत पैसे जाईनात. मी म्हटलं, फोनच्या वरच्या पट्टीचा फोटो पाठव. फोटोत सिग्नलच्या काड्यांजवळ इंग्रजी ‘आर’ होता, बारीक.

बेळगावातलं सिम कर्नाटक सर्कलचं. शिनोळी चंदगड तालुक्यात, महाराष्ट्रात. तिथला टॉवर महाराष्ट्र-गोवा सर्कलचा. बाची, तुरमुरी, कुद्रेमानी या बाजूला घरात बसल्या बसल्या फोन कधी इकडचा टॉवर धरतो, कधी तिकडचा. निपाणीच्या पुढे कोगनोळीला तेच, कणकुंबीच्या बाजूला गोव्याचा टॉवर. पलीकडचा टॉवर धरला की फोन रोमिंगमध्ये जातो, तोच तो ‘आर’. आणि बऱ्याच फोनमध्ये ‘डेटा रोमिंग’ बंद असतं. मग इंटरनेट तुटतं. घरी वायफाय असेल तर ॲप उघडतं, पण नोंदणीचा तो बाहेर जाणारा एसएमएस वायफायवरून जात नाही, त्याला सिमचं नेटवर्कच लागतं. तो वाटेत अडकला, किंवा ॲपने दिलेली वेळ संपल्यावर पोचला, की व्हेरिफिकेशन फेल.

उपाय असा. सेटिंग्ज, मग सिम किंवा मोबाइल नेटवर्क. तिथे डेटा रोमिंग चालू करा. देशातल्या रोमिंगसाठी वेगळा पर्याय दिसला तर तो चालू करा. येणाऱ्या एसएमएसला रोमिंगमध्ये पैसे पडत नाहीत. जाणाऱ्या एसएमएसचं तुमच्या पॅकमध्ये काय आहे, ते मात्र रिचार्ज करताना विचारा. नोंदणी करायची असेल तेव्हा फोन विमान मोडवर टाका, दहा-पंधरा सेकंद थांबा, काढा, आणि वर ‘आर’ नाही हे बघूनच सुरू करा. तरीही फोन पलीकडेच ओढला जात असेल तर नेटवर्क निवडताना ‘ऑटोमॅटिक’ काढून हाताने आपल्या इकडचं नेटवर्क निवडा. काम झालं की आठवणीने परत ऑटोमॅटिक करा, नाहीतर शिनोळीत पोचल्यावर नेटवर्कच जाईल. त्यापेक्षा सोपं म्हणजे नोंदणी बेळगावात किंवा उचगावात आल्यावर करा. एकदा गाठ बसली की रोज त्या एसएमएसचं काम पडत नाही. आणि सारखं सारखं करत बसू नका. लागोपाठ चुकलं की बरीच ॲप दिवसभरासाठी नोंदणीच बंद करतात.

दोन सिमचा घोळ याच्याच पोटातला. हद्दीवरच्या घरात एक सिम बेळगावचं आणि एक कोल्हापूरचं असणं नवीन नाही. बँकेला सिम कुठल्या राज्यातलं आहे याच्याशी देणंघेणं नाही. जो नंबर खात्याला जोडलाय तोच एसएमएस पाठवायला हवा, एवढंच. सेटिंग्जमध्ये एसएमएससाठी ठरलेलं सिम कुठलं आहे ते बघा. ‘दरवेळी विचारा’ असं असेल तर खात्याचं सिम नक्की करून टाका. ॲपला ‘फोन’ आणि ‘एसएमएस’ या परवानग्या द्या. कधीकधी ‘प्रीमियम एसएमएस’ची वेगळी परवानगी मागितली जाते, बँकेचं खरं ॲप असेल तर द्यायला हरकत नाही.

त्या सिमवर पॅक आहे का? हे विचारलं की लोक म्हणतात, नेट चालू आहे की. नेट वायफायचं असतं किंवा दुसऱ्या सिमचं. खात्याच्या सिमचं मूळ रिचार्ज संपलेलं असतं. त्यावर नुसता डेटाचा पॅक मारला तरी एसएमएस जात नाही. ओटीपी येतो आणि नोंदणी होत नाही, असं असेल तर बहुधा हेच कारण.

सिम हरवून नवीन घेतलं असेल तर पहिले २४ तास थांबा. सिम बदलल्यावर एक दिवस एसएमएस येणं-जाणं बंद ठेवायचं, असं दूरसंचार विभागाने २०२२ च्या शेवटी ठरवलं, म्हणजे तुमच्या नावावर दुसऱ्याने सिम काढलं तर ओटीपी लगेच त्याच्या हातात पडू नयेत. हे माहीत नसल्याने लोक त्या एका दिवसात फोन रीसेट करतात, ॲप काढतात आणि नवंच लफडं करून ठेवतात. आणि जुना नंबर बंद पडलाय पण बँकेत तोच आहे, असं असेल तर आज उद्या न करता शाखेत जाऊन बदला. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या माणसाला देऊ शकते. मग तुमच्या खात्याचे एसएमएस त्याच्या फोनवर वाजतील.

बोट आणि पिन

नवीन बोटाचा ठसा फोनमध्ये घातला की बऱ्याच बँकांच्या ॲपमधलं बोटाने उघडणं आपोआप बंद होतं. नातीचं बोट घातलं आणि दुसऱ्या दिवशी ॲप पासवर्ड मागायला लागलं, तर ते ठरलेलंच आहे. पासवर्ड टाकून आत जा आणि बोट परत चालू करा. पासवर्ड आठवत नाही, हे मग दुसरं दुखणं.

पिनचा गोंधळ मी रोज बघतो. ॲप उघडायचा एमपिन, पैसे पाठवायचा यूपीआय पिन, एटीएमचा पिन आणि फोनचं स्वतःचं लॉक, हे चार वेगळे आहेत. मावशींनी फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठीवर चार आकडे लिहून ठेवले होते, आणि तो एटीएमचा पिन एमपिनच्या जागी टाकून त्यांनी ॲप एकदा अडकवूनही घेतलं होतं. चिठ्ठी मी न बघता त्यांच्याच हातात दिली. लिहूनच ठेवायचं असेल तर घरात ठेवा, फोनबरोबर नको. आणि दुकानात आलात तरी पिन तुम्हीच टाका. मी तोंड फिरवतो. न फिरवणाऱ्या दुकानदाराकडे फोन देऊ नका.

वैतागलेल्या माणसाच्या वाटेवर बसलेले

दोनदा शाखेत जाऊन आलेला, चार दिवस ॲप न उघडलेला माणूस शेवटी गुगलवर बँकेचा कस्टमर केअर नंबर शोधतो. भामटे तिथेच बसलेले असतात. खोटे नंबर टाकून ठेवलेले असतात. पलीकडचा माणूस फार गोड बोलतो, मराठीतसुद्धा बोलतो, आणि ज्या माणसाला आठवडाभर कुणी धड ऐकून घेतलेलं नाही त्याला तो देवमाणूस वाटतो. मग तो एक ॲप घालायला सांगतो, पडदा दिसायला लागतो, आणि पुढचं सांगायला नको.

नंबर घ्यायचा तर डेबिट कार्डच्या मागचा किंवा पासबुकावरचा घ्या. बँकेच्या संकेतस्थळावरून घ्यायचा तर पत्त्याच्या शेवटी ‘डॉट बँक डॉट इन’ आहे का बघा. ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांनी त्या पत्त्यावर जायचं असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं. बँकेचा कामाचा फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून येतो, साध्या दहा आकडी मोबाइलवरून आला तर ठेवून द्या. पैसे *घ्यायला* कधीही पिन लागत नाही. आणि कुणी *४०१* असं काही डायल करायला सांगितलं तर ते तुमचे फोन त्याच्याकडे वळवायचं आहे. चुकून केलं असेल तर लगेच ##००२# डायल करा, फोन वळवणं बंद होतं.

व्हॉट्सॲपवर वाहतुकीच्या दंडाची, पीएम किसानची, लग्नपत्रिकेची म्हणून जी फाइल येते आणि जिच्या नावाच्या शेवटी ‘डॉट एपीके’ असतं, ती फाइल नसते, ॲप असतं. ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं आणि तुमचे ओटीपी बाहेर पाठवतं. ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून आली तरी उघडू नका; बऱ्याचदा त्याचाही फोन आधीच गेलेला असतो. उघडली असेल तर त्या क्षणी फोन विमान मोडवर टाका, वायफायही बंद करा, आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा. फोन नंतर साफ करता येतो.

पैसे गेलेच असतील तर १९३०. सगळ्यात आधी. पैसे पुढच्या खात्यात फिरायच्या आत अडवायचे असतात, म्हणून इथे मिनिटं मोजायची असतात. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर करता येते, आणि बेळगावात सायबर गुन्ह्यांसाठी सीईएन पोलिस ठाणं आहे. बँकेला त्याच दिवशी लेखी द्या. ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने ठरवून दिलं, की तुमची चूक नसताना बाहेरच्याने घुसून पैसे नेले आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर काही जबाबदारी नाही. सहकारी बँकांनाही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हे लागू झालं. पिन किंवा ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाज वाटली तरी उशीर करू नका. बँक ३० दिवसांत उत्तर देईना, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी १४४४८. आपण जिथे पिग्मी भरतो ती सोसायटी किंवा पतसंस्था मात्र या लोकपालाकडे येत नाही, तिची तक्रार सहकार खात्याकडे.

ॲप नुसतं अडलंय, पैसे कुठे गेलेले नाहीत, आणि वरचं सगळं करून झालं, तरच शाखेत जा. जाताना तोंडी काही ठेवू नका. एका कागदावर फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, ॲपची आवृत्ती, पडद्यावरचं वाक्य आणि ते कुठल्या तारखेपासून येतंय हे लिहा, दुसऱ्या फोनने काढलेला फोटो दाखवा, तक्रार क्रमांक मागून घ्या. क्रमांक असला की पुढच्या खेपेला काउंटरवरचा माणूस “ॲप काढून परत घाला” म्हणत नाही.

येळ्ळूरच्या मावशींचं एवढ्यावर संपलं नव्हतं. ॲप उघडलं, शिल्लक दिसली, पण गृहलक्ष्मीचा एकही हप्ता त्यात नव्हता. चेहरा उतरला त्यांचा. हे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, आणि आधारला शेवटी जोडलेलं खातं तेच असेल असं नाही, हे मी त्यांना सांगितलं. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघितलं. ओटीपी मुलाच्या फोनवर गेला, त्याला हुबळीला फोन करून विचारून घेतला. तो आकडा मुलाने आईला सांगितला आणि आईने टाकला. नाव दुसऱ्याच बँकेचं आलं. जनधनच्या वेळी गावात काढलेलं खातं, त्याला नवऱ्याचा जुना नंबर, म्हणून कधी एसएमएस आलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या पासबुक घेऊन तिथे गेल्या. परत जाताना दुकानात डोकावल्या आणि पासबुक उघडून माझ्यापुढे धरलं. पानभर दोन-दोन हजार ओळीने छापून आले होते.